फिशटँकचा एलईडी लाइट आणि कोणीच न सांगणारा एक आकडा

टँक आला, फिल्टर लागला, वाळू धुऊन झाली, झाडं लागली, यातल्या कशावरही लिहिण्यासारखं काही नाही. लाइटने मात्र डोकं खाल्लं. अजून तो डबा आठवला तरी चिडचिड होते, म्हणून लिहितोय.

माझा टँक तीन फुटी, उंची १८ इंच, गोड्या पाण्याचा. झाडं म्हणजे जावा फर्न, अनुबियास, क्रिप्टोकोरीन, मागे थोडी व्हॅलिस्नेरिया. मासे नियॉन टेट्रा आणि कोरी. झाडांना जास्तीचा सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, देणारा सिलेंडर लावायचा नव्हताच. आधी हे ठरवा आणि मग लाइटकडे वळा, कारण बरेच लोक उलटं करतात, आधी झगमगीत लाइट आणतात, मग शेवाळ येतं, मग शेवाळासाठी औषध आणतात, मग झाडं सडली म्हणून खत आणतात. जास्त प्रकाश दिला की झाडाला कार्बन पण जास्त लागतो आणि तो मिळाला नाही की उरलेल्या प्रकाशावर शेवाळ मजा मारतं, एवढंच आहे ते.

तर मला एकच आकडा हवा होता. टँकच्या तळाशी झाडाला वापरता येईल असा प्रकाश किती पोचतो. त्याला पार (PAR) म्हणतात, ४०० ते ७०० नॅनोमीटरमधला प्रकाश, मोजतात मायक्रोमोलमध्ये. माझ्यासारख्या झाडांना तळाशी साधारण १५ ते ३० पुरतो, ५० च्या वर गेलं की सीओटूशिवाय नादाला लागू नये.

आता डब्यावर काय होतं बघा. ३६ वॅट. ८००० केल्विन. फुल स्पेक्ट्रम. ल्युमेन पण होते, मोठ्या अक्षरात. पार कुठेच नाही! ल्युमेन म्हणजे आपल्या डोळ्याला किती उजेड वाटतो ते, आणि आपला डोळा हिरव्या प्रकाशाला जास्त मान देतो, लाल-निळ्याला कमी, झाडाचं गणित वेगळं. केल्विन म्हणजे नुसता रंग, ६५०० म्हणजे दिवसाच्या उजेडासारखा, १०००० च्या पुढे निळसर. फुल स्पेक्ट्रम तर कोणीही छापतं, पांढऱ्या एलईडीत मुळात निळी चिप आणि वरून पिवळा फॉस्फर, म्हणजे निळ्याचा पांढरा करणारा लेप, असतो, तेवढ्यावर पण छापतात.

म्हणून कंपनीच्या कस्टमर केअरला चॅटवर विचारलं, तळाशी पार किती मिळतो, १८ इंचावर. उत्तर आलं, सर हा लाइट फुल स्पेक्ट्रम आहे. म्हटलं ते वाचलं, पार किती. सर हा लाइट वॉटरप्रूफ आहे. म्हटलं आनंद आहे, पार? सर झाडांसाठी बेस्ट आहे. मग मी कंटाळून लिहिलं की आकडा माहीत नसेल तर तसं सांगा. त्यावर टेक्निकल टीम फोन करेल असं कळलं. वाट बघितली, परत विचारलं, परत तेच. शेवटी टेक्निकल टीमचा फोन आला आणि पलीकडच्या माणसाने अगदी नम्रपणे विचारलं, सर, तुम्हाला पार म्हणजे नेमकं काय हवंय?

मी समजावून सांगितलं. तो म्हणाला बरं सर, तुमचं फीडबॅक नोंदवतो. फीडबॅक! मी प्रश्न विचारला होता.

खरी गंमत पुढे आहे. फोनवर होतो तेव्हा हातात अडॅप्टर होता, सहज उलटा करून बघितला. १२ व्होल्ट, १.५ अँपिअर. गुणाकार करा, १८ होतात. म्हणजे हा अडॅप्टर जास्तीत जास्त १८ वॅट देणार आणि डब्यावर ३६. विचारलं हे कसं. तो म्हणाला सर, प्रत्येकी अर्ध्या वॅटचे ७२ एलईडी आहेत. म्हणजे चिपची क्षमता मोजून छापली, प्रत्यक्षात वीज किती जाते त्याच्याशी देणंघेणं नाही. नशीब रिटर्नची मुदत होती. त्यातही फोटो पाठवा, डब्याचा पाठवा, अडॅप्टरचा पाठवा, लाइट चालू असताना पाठवा, आणि चालू फोटो पाठवल्यावर म्हणे सर लाइट तर चालू आहे, मग प्रॉब्लेम काय? अडॅप्टरच्या फोटोवर लाल गोल करून, शेजारी गुणाकार लिहून पाठवला तेव्हा कुठे परत घेतला. त्या गुणाकाराचा मला अजून अभिमान आहे.

त्यामुळे कुठलाही लाइट घेताना आधी अडॅप्टरचा फोटो मागा. आणि 'लिटरमागे इतके वॅट' वगैरे हिशोब सोडून द्या, तो जुन्या ट्यूबच्या काळातला आहे, एलईडीला लागू होत नाही.

दुसरा लाइट घेतला त्याच्या माहितीपत्रकात वेगवेगळ्या खोलीवरचा पार चक्क तक्ता करून दिला होता. तो बघूनच अर्धा जीव भांड्यात पडला. तरी मोजला. पार मीटर महाग असतो, पण पाणी भरायच्या आधी फोनमध्ये लक्स मीटरचं, म्हणजे डोळ्याच्या हिशोबाने उजेड मोजणारं, ॲप टाकून, फोन रिकाम्या टँकच्या तळाशी, सेन्सर वर करून ठेवता येतो. पांढऱ्या एलईडीला लक्सला साधारण ७० ने भागा, अंदाज येतो. मला मधोमध २१०० मिळाले, म्हणजे ३० च्या आसपास, आणि कोपऱ्यात निम्म्याहून कमी. अनुबियास लगेच कोपऱ्यात हलवलं, हळू वाढतं म्हणून भर उजेडात त्याच्या पानांवर शेवाळ जमतं. लाल-निळे एलईडी जास्त असलेल्या लाइटला हा भागाकार चालत नाही, लक्स कमी दाखवतो.

बाय द वे, निळ्या एलईडीसाठी २०१४ चं नोबेल मिळालं त्यात एक हिरोशी अमानो आहेत, आणि झाडांचे सुंदर टँक करणारे ते ताकाशी अमानो. दोघं वेगळे. मी बरेच दिवस एकच माणूस समजून थक्क होत होतो.

डिमर असलेलाच घ्या, नसेल तर लाइट उंच टांगायची सोय तरी बघा. मी निम्म्या प्रकाशावर सहा तास असं सुरू केलं, झाडं रुजल्यावर वाढवत आठ तासांवर आणलं, त्यापुढे गेलो नाही. टायमर लावाच, आपण विसरतो. नवीन टँकमध्ये काचेवर तपकिरी थर येतो तो डायटम नावाच्या सूक्ष्म शेवाळाचा, त्याला लाइट बदलून काही होत नाही, पुसत राहा, जातो.

लाइट वॉटरप्रूफ म्हणजे किती ते विचारा. आयपी ६७ असेल तर चुकून पाण्यात पडला तरी निभावतं, पण अडॅप्टर सहसा तसा नसतो. वायर सॉकेटच्या खाली लोंबू द्या, मग वर न्या, म्हणजे वायरवरून आलेलं पाणी खालीच टपकेल.

काचेचं झाकण असेल तर त्यावर क्षाराचे पांढरे डाग चढतात आणि प्रकाश बराच कमी होतो. लाइट जुना झाला म्हणून नवीन घेण्याआधी व्हिनेगरने ते झाकण पुसून बघा. आणि सकाळी टँकचा लाइट एकदम पूर्ण लावू नका, आधी खोलीतला लावा, टेट्रा दचकून काचेवर आपटतात.