परराज्यात हरणाची शिकार: म्यूल डिअर की व्हाइटटेल?

अमेरिकेत ओहायो किंवा पेनसिल्व्हेनियात दरवर्षी घराजवळ व्हाइटटेलची, म्हणजे पांढऱ्या शेपटीच्या हरणाची, शिकार करणाऱ्याला कधी ना कधी पश्चिमेकडे जावंसं वाटतंच. मग टॅग (एक जनावर मारायचा परवाना) कशाचा काढायचा, ओळखीच्या व्हाइटटेलचा की पश्चिमेतल्या, मोठ्या कानांच्या म्यूल डिअरचा? बहुतेक जण शिंगांचे फोटो बघून ठरवतात. माझं मत असं, की आधी रजेचे दिवस मोजा, मग चालायचा दम बघा आणि त्यावरून जनावर ठरवा. ठरवल्यावर बदलू नका. ‘जे दिसेल ते’ म्हणून गेलेल्या माणसाचे निम्मे दिवस डोंगरात जातात, निम्मे नदीकाठी, आणि काम दोन्हीकडे अर्धवट राहतं.

व्हाइटटेल थोड्या जागेत फिरतो. एखाद्या चौरस मैलातच त्याचं बरंचसं आयुष्य जातं. दिवसा दाट झाडीत बसायचं आणि संध्याकाळी अल्फाल्फा (लसूणघास) किंवा मक्याच्या शेताकडे यायचं, हा त्याचा शिरस्ता. त्यामुळे पाच दिवसांतही बेत जमतो: पहिला दिवस लांबून नुसतं बघण्यात घालवायचा, दुसऱ्या दिवशी वाटेपासून वीसेक यार्डांवर, वाऱ्याच्या खालच्या बाजूला, अठरा-वीस फुटांवर मचाण बांधायचं. वारा फिरला तर त्या मचाणावर बसायचंच नाही. अडचण असते ती जमिनीची. मोंटानातल्या यलोस्टोन आणि मिल्क नदीकाठचे कॉटनवुडच्या झाडांचे पट्टे असोत की कॅन्ससमधले ओढे, चांगली जागा बहुतेक खाजगीच. कॅन्ससचं ‘वॉक-इन हंटिंग ॲक्सेस’ आणि मोंटानाचं ‘ब्लॉक मॅनेजमेंट’ या योजनांत खाजगी जमिनीवर फुकट शिकार करता येते, त्यांचे नकाशे आधीच उतरवून ठेवा.

म्यूल डिअरसाठी सरकारी जमीन भरपूर आहे. ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट आणि नॅशनल फॉरेस्टची लाखो एकर जमीन खुली असते. मात्र वायोमिंगच्या ‘विल्डरनेस’ (संरक्षित रान) क्षेत्रात बाहेरच्या राज्यातल्या शिकाऱ्याला गाइडशिवाय हरणाची शिकार करता येत नाही. शिवाय हे जनावर एका जागी राहीलच असं नाही. वायोमिंगच्या रेड डेझर्टपासून होबॅकपर्यंत काही कळप दीडशे मैल स्थलांतर करतात. सप्टेंबरात हेरून ठेवलेला डोंगर बर्फ पडल्यावर रिकामा असू शकतो. म्हणून निदान सात-आठ दिवस हाताशी हवेत.

इथे खरं काम डोळ्यांचं. १० बाय ४२ ची (दहापट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर काचेची) दुर्बीण ट्रायपॉडवर लावून सूर्योदयाच्या अर्धा तास आधी उंचावर बसा, सूर्य पाठीशी येईल अशी जागा धरून. अख्खं हरीण शोधू नका. कानाची हालचाल, ढुंगणावरचा पांढरा डाग, सेजब्रशच्या झुडपांमधून वर आलेलं शिंगाचं टोक, असं काही सापडतंय का ते बघा. सकाळी चरून झालं की नर सावलीत बसतो. लगेच धावू नका. ऊन सरकलं की तो उठतो आणि पुन्हा सावली धरतो. दुसऱ्यांदा बसल्यावर निघावं, कारण तिथे तो जास्त वेळ टिकतो. निघण्याआधी फोनवर त्या उताराचा फोटो घ्या आणि नराजवळची एखादी ठळक खूण, वाळलेलं झाड किंवा फुटलेला खडक, पक्की करा. पलीकडून तोच उतार अनोळखी दिसतो, आणि बरेचसे माग इथेच फसतात. आसपासच्या माद्याही मोजून ठेवा. न दिसलेली एक मादी उठली की सगळा कळप उठतो.

वाऱ्याचंही गणित वेगळं. पहाटे थंड हवा उतारावरून खाली वाहते, ऊन तापलं की वर चढते. मधला तासभर ती कशीही फिरते, तेव्हा थांबावं. हवा नीट वर चढू लागली की वरच्या बाजूने उतरावं.

रायफल दोन्हींना एकच चालते. काडतूस .२७०, .३०८ किंवा ६.५ क्रीडमूर, काहीही. पण म्यूल डिअरवर दोनशे-तीनशे यार्डांचा नेम धरावा लागतो आणि तोही तिरका. तीस अंशांच्या उतारावर रेंजफाइंडरने (अंतर मोजायच्या यंत्राने) ३०० यार्ड दाखवले, तर नेम साधारण २६० चा धरायचा, नाहीतर गोळी वरून जाते. तुमचा रेंजफाइंडर कोन धरून आकडा देतो का, ते घरीच तपासा.

टॅगवरचे शब्द दोनदा वाचा. कॅन्ससमध्ये बाहेरच्या माणसाला म्यूल डिअरसाठी वेगळा स्टॅम्प (परवान्याला जोडायची जादा परवानगी) सोडतीत मिळवावा लागतो, आणि तो धनुष्य किंवा मझललोडरच्या (नळीच्या तोंडातून भरायच्या बंदुकीच्या) परवान्यालाच जोडून मिळतो. वायोमिंगमध्ये टाइप ३ चा टॅग फक्त व्हाइटटेलचा असतो. अर्जाची मुदत साधारणपणे मोंटानात १ एप्रिलला, कोलोरॅडोत एप्रिलच्या पहिल्या मंगळवारी, वायोमिंगमध्ये जूनच्या सुरुवातीला संपते. नियम दरवर्षी बदलतात, त्यामुळे त्या वर्षाची पुस्तिकाच प्रमाण माना.

एकाच जातीचा टॅग असेल तर ओळख चुकणं महागात पडतं. शिंगांवर विसंबू नका. म्यूल डिअरची शिंगं दुभंगत जातात आणि व्हाइटटेलचे फाटे एकाच मुख्य दांड्यावरून उभे राहतात हे खरं, पण कोवळ्या नराला दोनच फाटे असले की संधिप्रकाशात फरक कळत नाही. शेपटी बघा: म्यूल डिअरची बारीक, दोरीसारखी, टोकाला काळी. व्हाइटटेलची रुंद, वरून तपकिरी, पळताना पांढरी उभारलेली. शेपटी दिसली नाही तर गोळी झाडू नका.

व्हाइटटेल नोव्हेंबरच्या मध्याला माजावर असतो, म्यूल डिअर त्यानंतर आठवड्याभराने. मोंटानात रायफलचा हंगाम नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगनंतरच्या रविवारपर्यंत चालतो, म्हणून तिथे हे दिवस साधता येतात. वायोमिंगचे बरेच हंगाम ऑक्टोबरातच आटोपतात.

एच-१बी व्हिसावर असलेल्यांनी एक गोष्ट विसरू नये. एरवी अशा व्हिसावर बंदूक बाळगता येत नाही. अमेरिकेतल्या राज्याचा वैध शिकार परवाना हा त्यातला अपवाद आहे, तेव्हा परवाना आधी, बंदुकीला हात नंतर. हंटर एज्युकेशनचं प्रमाणपत्रही लागतं: कोलोरॅडोत १ जानेवारी १९४९ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना, वायोमिंगमध्ये १ जानेवारी १९६६ किंवा त्यानंतरच्यांना.

परतताना क्रॉनिक वेस्टिंग डिसीजचे (हरणांच्या मेंदूच्या जीवघेण्या रोगाचे) नियम आडवे येतात. हा रोग दोन्ही जातींना होतो. बहुतेक राज्यं मेंदू आणि पाठीचा कणा आत येऊ देत नाहीत. मांस हाडांवेगळं करून आणि शिंगांखालची कवटीची पट्टी स्वच्छ करूनच निघा, आणि वाटेतल्या प्रत्येक राज्याचा नियम बघा. तपासणीसाठी घशामागच्या लसीका ग्रंथी द्यायच्या असतात, त्या मान कापण्याआधीच जपून ठेवा. अहवाल येईपर्यंत मांसाच्या पिशव्यांवर जनावराचा क्रमांक लिहून त्या फ्रीझरमध्ये वेगळ्या ठेवा. रोग निघाला तर ते मांस खाऊ नये, असंच आरोग्य खातं सांगतं.