अक्षतांचे चौकोन: आमच्या स्टुडिओची वाटचाल

२००९ च्या उन्हाळ्यात एक निवृत्त गुरुजी आमच्या कराडच्या दुकानात आले आणि काउंटरवर दोन डिस्क ठेवल्या. एक थोरल्या मुलीच्या लग्नाची, जुन्या डीव्ही कॅमेऱ्यावर काढलेली. दुसरी धाकटीच्या लग्नाची, आमच्या नव्या एचडी कॅमेऱ्यावरची. म्हणाले, "भाऊ, दोन्ही लावून बघा. थोरलीचं लग्न स्वच्छ दिसतंय, धाकटीचं नाही. नवा कॅमेरा म्हणून तुम्ही जास्त पैसे सांगितले, मी दिले. मग हे असं का?"

दोन्ही लावल्या. गुरुजींचं खरं होतं. धाकटी पदर सावरायची तेव्हा तिचा हात थरथरल्यासारखा दिसायचा. पैठणीच्या काठावरची जर सारखी लुकलुकत होती. आणि मंगलाष्टका संपून अक्षता पडल्या, त्या क्षणी सगळं चित्र चौकोनांत फुटलं. नवरा-नवरीचे चेहरे दोन-तीन सेकंद ओळखूच येईनात. ज्या क्षणासाठी माणूस आम्हाला बोलावतो, तोच गेला होता.

वडिलांच्या फोटो स्टुडिओत मी १९९७ साली व्हीएचएसवर शूटिंग सुरू केलं. मग व्हीसीडी आली, मग डीव्ही कॅमेरा आणि डीव्हीडी. प्रत्येक वेळी नवं यंत्र घेतलं की चित्र आपोआप सुधारायचं. २००८ च्या अखेरीस कर्ज काढून एचडीव्ही, म्हणजे टेपवर एचडी चित्र घेणारा कॅमेरा घेतला, तेव्हाही तसंच होईल असं धरून चाललो. ती चूक होती. एचडीव्हीचं चित्र १४४० बाय १०८० ठिपक्यांचं. डीव्हीडीवर जागा ७२० बाय ५७६ ची, म्हणजे पावपटीहून थोडी जास्त. उरलेले ठिपके कसे गाळायचे, हे आम्ही सॉफ्टवेअरवर सोडून दिलं होतं.

गुरुजींकडून महिनाभराची मुदत मागून घेतली. त्यांच्या टेपवरून अंतरपाट दूर होतो तिथपासूनची एक मिनिटाची क्लिप काढली आणि रोज रात्री दुकान बंद झाल्यावर मी आणि धाकटा भाऊ तिच्यावर बसलो. जर, हलते हात, अक्षता, फोटोग्राफरचे फ्लॅश, मागे होमाचा धूर. सगळी अवघड जागा त्या एका मिनिटात होती.

थरथर आधी सापडली. आपल्याकडच्या पाल पद्धतीत टीव्हीला सेकंदाला ५० अर्धी चित्रं मिळतात. एकदा एकाआड एक ओळी, मग उरलेल्या. या अर्ध्या चित्राला फील्ड म्हणतात. डीव्ही कॅमेऱ्यात खालच्या ओळींचं फील्ड आधी येतं, एचडीव्हीत वरच्या ओळींचं. आम्ही एडिटिंग मात्र जुन्याच साच्यात करत होतो. त्यामुळे काळाचा क्रम उलटायचा, हात एक पाऊल पुढे जाऊन मागे यायचा. कॉम्प्युटरच्या पडद्यावर हे नीट कळत नाही. तेव्हापासून एडिटिंगच्या टेबलाशेजारी एक जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही आणि एक एलसीडी ठेवलेत. दोन्हींवर पाहिल्याशिवाय डिस्क बाहेर जात नसे.

जरीचं दुखणं खोल होतं. फील्ड एकमेकांत विणलेली असतानाच चित्र लहान केलं, तर दोन वेगळ्या क्षणांच्या ओळी एकमेकींत मिसळतात आणि हलत्या वस्तूला सावली लागते. त्याऐवजी आधी ५० अर्ध्या चित्रांची ५० पूर्ण चित्रं करायची, ती ५७६ ओळींवर आणायची आणि मग पुन्हा फील्डमध्ये विणायची. एव्हीसिंथ नावाचं फुकट सॉफ्टवेअर यासाठी कामी आलं. त्यात बटणं नाहीत, ओळी लिहाव्या लागतात, आणि पहिले आठ दिवस आम्हाला काही म्हणता काही जमलं नाही. जमलं तेव्हा हालचाल पाण्यासारखी झाली, पण जर लुकलुकतच राहिली. कारण एकाच ओळीइतकी बारीक रेघ एकाच फील्डमध्ये येते, दुसऱ्यात नसते. मग चित्र उभ्या दिशेनं किंचित मऊ केलं. धारदार चित्रासाठी एवढा खर्च करून ते मुद्दाम मऊ करायचं, हे भावाला पटेना. पैठणीचे मोर जागेवर स्थिर उभे राहिलेले पाहिले तेव्हा पटलं.

रंगांचंही तसंच. एचडीचं रंगाचं गणित आणि डीव्हीडीचं रंगाचं गणित वेगळं असतं. मधे बदल केला नाही तर लाल मंदावतो, हळदीचा पिवळा जरासा हिरवटपणाकडे झुकतो. फरक थोडाच असतो, पण हळदीच्या कार्यक्रमात तो लपत नाही.

आता चौकोन. इथं मात्र दोष आमच्या सवयीचा होता. आम्ही तीन तासांचं लग्न एका डिस्कवर कोंबत होतो. ४.७ जीबीची डिस्क तीन तासांत वाटली तर सेकंदाला साडेतीन मेगाबिटसुद्धा (मेगाबिट म्हणजे माहितीचं माप) येत नाहीत, आणि त्यातले दीड आम्ही आवाजालाच देत होतो. नवरी शांत बसलेली असते तेव्हा उरलेल्या दोनात भागतं. शेकडो तांदूळ एकदम हवेत उडाले, की प्रत्येक दाण्याची हालचाल लिहायला जागा लागते. ती नसली की एन्कोडर, म्हणजे चित्र दाबून डिस्कसाठी लिहिणारं सॉफ्टवेअर, चित्राचे चौकोन करून मोकळा होतो. थोरलीची डिस्क दीड तासाची होती. स्वच्छ दिसण्याचं एक कारण तेच.

आवाज एसी-३ या दाबलेल्या प्रकारात २२४ किलोबिटवर आणला. चित्रासाठी एचसी नावाचा फुकट एन्कोडर घेतला आणि दोन फेऱ्यांत काम सुरू केलं. पहिल्या फेरीत तो सगळं लग्न वाचून अवघड जागा टिपतो, दुसऱ्या फेरीत शांत प्रसंगांतली जागा वाचवून अक्षतांना देतो. कमाल मर्यादा आठ मेगाबिटची ठेवली. नियमात ९.८ बसतात, पण घरोघरचे स्वस्त प्लेअर तिथं अडखळतात. एका लग्नाला सबंध रात्र मशीन चाले. आणि ठरवलं, एका डिस्कवर दीड तासापेक्षा जास्त भरायचं नाही.

यानं गिऱ्हाईक तुटलं, ते खरं. "शेजारचा सगळं एकात देतो, तुम्हाला दोन कशाला?" असं ऐकावं लागलं. त्या हंगामात काही ऑर्डरी गेल्या. मग आम्ही ती क्लिपच दोन्ही पद्धतींनी दाखवू लागलो, गुरुजींची परवानगी घेऊन. दाखवल्यावर फार बोलावं लागत नसे.

शूटिंगही बदललं. अंधाऱ्या कार्यालयात कॅमेऱ्याचा गेन वाढवला, म्हणजे चित्र यंत्रानंच उजळ केलं, की चित्रात दाणे येतात आणि एन्कोडर ते दाणे जपण्यातच बिट खर्च करतो. म्हणून दिवे वाढवले, ट्रायपॉड वापरू लागलो, उगाच झूम करणं सोडलं. डिस्क ८ एक्सवर सावकाश बर्न करायची आणि कागदी स्टिकर लावायचा नाही, हेही तेव्हाच ठरलं.

गुरुजींना महिन्याऐवजी सहा आठवडे थांबावं लागलं. नव्या डिस्क त्यांनी दुकानात उभ्यानं पाहिल्या, अक्षतांपर्यंत. म्हणाले, "आता तांदूळ दिसतो." पैसे घेण्याचा प्रश्नच नव्हता. त्या वर्षी दिलेल्या बाकीच्या एचडी लग्नांच्या डिस्कही आम्ही लोकांच्या घरी फोन करून बदलून दिल्या.

आता बहुतेक लोक पेनड्राइव्हच मागतात. एचडीव्ही कॅमेरा शूटिंगला जात नाही, पण टेप वाचायला तो लागतो म्हणून सांभाळलाय, आणि टेप कपाटात नावानिशी, तारखेनिशी आहेत. गेल्या दिवाळीत गुरुजींची धाकटी मुलगी आली. लग्नाची डिस्क सारखी लावून लावून ओरखडली होती. मूळ टेपवरून पूर्ण एचडी चित्र पेनड्राइव्हवर घेतलं आणि मग म्हणाली, "दादा, बाबांसाठी डीव्हीडीच करा. त्यांना त्या प्लेअरचा रिमोट हाताळता येतो." भावानं जुनं मशीन रात्रभर चालू ठेवलं. दोन डिस्क झाल्या.