पणजीच्या वाटेने

निघायच्या आदल्या रात्री शेजारच्या आजींनी माझ्या हातात घडी केलेला कागद ठेवला. त्यावर त्यांच्या पणजीचं नाव, खाली 'वय ९'. "गुडघे ऐकत नाहीत गं. यंदा माझ्या वतीने तू चाल."

उन्हाळ्यात इथले मॉर्मन, म्हणजे अमेरिकेतल्या एका ख्रिस्ती पंथाचे लोक, जुन्या पोशाखात हातगाड्या ओढत वायोमिंगमधल्या पूर्वजांच्या वाटेने चालतात. सॉल्ट लेक सिटीत इतकी वर्षं काढली, पण मी मॉर्मन नाही, होणारही नाही. तरी दुसऱ्याच्या वतीने चालणं मला कुणी समजावून सांगायला नको. आईचे पाय थकले त्या वर्षी तिची वारी मीच केली होती.

वाटेवरचे इंडिपेंडन्स रॉक, डेव्हिल्स गेट, मार्टिन्स कोव्ह झालं. स्वीटवॉटर नदीकाठचे डास तेवढे आठवतात. मग आली रॉकी रिजची चढण.

१८५६ साली सॉल्ट लेककडे निघालेल्या जेम्स विली यांच्या मॉर्मन तुकडीत पाचेकशे माणसं होती. इंग्लंड-डेन्मार्कची गरीब कुटुंबं. बैलगाडी परवडेना म्हणून हातगाड्या, माणशी १७ पौंड सामान. आयोवा सिटीत गाड्या वेळेवर तयार नव्हत्या, मग ओल्या लाकडाच्या घाईने ठोकल्या. त्या उशिराचं मोल १९ ऑक्टोबरला बर्फाने वसूल केलं. सॉल्ट लेकहून मदत येऊन भेटली होती, तरी २३ तारखेला ही चढण चढावीच लागली. शेवटची माणसं पलीकडे पोचली ती दुसऱ्या दिवशी पहाटे. तिथे रॉक क्रीकला १३ मृतांना एकाच खड्ड्यात ठेवलं. आजींची पणजी जगली. दोन्ही पायांची मिळून चार बोटं गेली.

आम्ही चढत होतो जुलैत. दगड तेच, धुरळा तोंडात, जुन्या धाटणीच्या बॉनेट टोपीच्या नाड्या मानेला काचत होत्या. पुढचा माणूस सारखी शिट्टी फुंकत होता; माझं डोकं उठलं. नामस्मरण सुटलं, कागदावरचं नावही विसरले. डाव्या टाचेचा फोड फुटला तसा मोजा चिकटला. मी गाडीचा दांडा सोडून खाली बसले आणि चक्क रडले.

मागून येणारा सोळा-सतरा वर्षांचा मुलगा थांबला. काही न विचारता गुडघ्यावर बसला, माझ्या बुटाची नाडी सोडली. मी पाय मागे घेतला, त्याने हलकेच धरून ठेवला. पिण्याच्या बाटलीतलं पाणी ओतून मोजा भिजवला, कडेकडेने सोडवला. टाच फुंकून कोरडी केली. वर स्वच्छ कापसाची घडी, तिच्यावर डक्ट टेपची पट्टी. टेपचं टोक त्याने दातांनी तोडलं. वारीत आम्ही फोडात सुई-दोरा ओवतो, ते मी त्याला सांगितलं. त्याने मान डोलावली, स्वतःचे कोरडे मोजे मला चढवले आणि स्वतः बिनमोज्यांचा बूट घालून माझ्या गाडीला मागून रेटा देत राहिला. "माउली" माझ्या तोंडून आपोआप निघालं. त्याने अर्थ विचारला नाही.

रॉक क्रीकला संध्याकाळी सगळ्यांनी आपापल्या कागदावरचं नाव मोठ्याने घेतलं. मी पणजीचं नाव दोनदा घेतलं.

घरी आले तर आजी दारातच खुर्ची टाकून बसलेल्या. वारीहून आलेल्याच्या पाया पडतात हे त्यांना कुठून माहीत असणार! त्यांनी फक्त विचारलं, "पाय बघू?" मी पायरीवर बसून मोजा काढला. त्यांनी वाकून टेपचं टोक नखाने उचकटलं आणि टाचेवर तळहात ठेवून बराच वेळ तशाच बसून राहिल्या.