थांब गं, मी बघतो

आजही माझ्याआधी काळजीच उठली होती. पुढच्या आठवड्यातली तपासणी, बाबांच्या गोळ्या, उरलेल्या रजा. डोळे पुरते उघडायच्या आत मी पुढच्या महिन्यात जाऊन पोचलेली असते.

२०१० साली मॅथ्यू किलिंग्सवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट या मानसशास्त्रज्ञांनी दोन हजारांहून जास्त माणसांना दिवसातून अधूनमधून फोनवर विचारलं होतं, आत्ता काय करताय आणि मन कुठे आहे? जवळजवळ ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामात नव्हतंच, आणि असं भरकटलेलं मन कमी सुखी होतं. माझं विचारलं असतं तर आकडा बराच वर गेला असता.

बाबांना अर्धांगवायूचा झटका येऊन सात महिने झाले. मेंदूच्या डाव्या बाजूला मार बसला, म्हणून उजवा हात लुळा पडला. तेव्हापासून त्यांच्या शर्टाची बटणं मीच लावते, भराभर, घड्याळाकडे बघत. आज मी हात पुढे केला तर म्हणाले, "थांब गं, मी बघतो."

थांबले. डाव्या हाताने त्यांनी काज धरून ठेवलं. उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी थरथरत जवळ आली, बटण चिमटीत आलं, निसटलं. पुन्हा. तिसऱ्यांदा ते काजाच्या काठावर तिरकं उभं राहिलं, क्षणभर तसंच, आणि मग आत गेलं. बाबा हसले नाहीत. नुसता श्वास सोडला आणि म्हणाले, "एक झालं." माझा फोन दोनदा वाजून गेला होता. माझं लक्ष त्या अंगठ्यावरून हललं नाही.

सात महिने मी देवाकडे एकच हट्ट धरून बसलेय: आधी बाबांना पहिल्यासारखं कर, मग मी आनंदाने जगेन. व्यायाम शिकवणाऱ्या ताई सुरुवातीपासून सांगताहेत की मेंदूचा गेलेला भाग परत येत नाही, पण तीच हालचाल पुन्हा पुन्हा केली की उरलेले भाग ते काम शिकू लागतात. म्हणजे जे काही व्हायचं ते आजच्या सरावातूनच होणार. मी मात्र आजचा दिवस बाजूला सारून देवाकडे उद्याच मागत होते!

आजारपणाबद्दलही आभार मानावेत, असं कुणी कुणी सांगतं. मला ते जमत नाही, आणि जमवायचंही नाही. पण त्या अंगठ्याबद्दल मी आज मनापासून हात जोडले. काहीही न मागता, सात महिन्यांत पहिल्यांदाच. उद्या हात किती चालेल ते त्याच्यावर सोडलं, आणि सोडताना भीती वाटली नाही.

संध्याकाळी पाहिलं तर चौथ्या बटणापासून खाली सगळी एकेक काज सरकून लागली होती. शर्टाचं एक टोक वर, एक खाली. बाबा दिवसभर तसेच वावरले. मी ती नीट केली नाहीत.