बाथरूमची खिडकी

मंगळवार पेठेतल्या आमच्या जुन्या घरात गॅस गिझर बाथरूममध्येच होता, चौदा वर्षांचा. थंडीत वारं येतं म्हणून आईनं खिडकीच्या फटीत जुन्या लुगड्याचा बोळा कोंबलेला. त्या सकाळी ती अंघोळ करून आली ती भिंत धरूनच. "डोकं ठणकतंय रे, मळमळतंय." आम्हाला वाटलं, पित्त.

दवाखान्यात बोटाच्या यंत्रानं ऑक्सिजन ९८ दाखवला. पण डॉक्टरांनी गिझर कुठं आहे ते विचारलं आणि लगेच रक्त तपासायला घेतलं. कार्बन मोनॉक्साइड! बंद जागेत गॅस अर्धवट जळला की होणारा विषारी वायू. रक्तात ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट चिकटतो, आणि बोटावरच्या यंत्राला दोन्हींतला फरक कळत नाही. सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम वास घातलेला असतो. याला वासच नाही. मास्क लावून ऑक्सिजन दिल्यावर आई सावरली.

घरी येऊन गिझर बघितला. बर्नरवर काजळी, ज्योत निळी नाही, पिवळट. कित्येक वर्षांत सर्व्हिसिंग केलं नव्हतं, चूक माझीच.

आता नवा गिझर बाहेर उघड्यावर बसवलाय, आत फक्त पाण्याचा पाइप. बोळा मी स्वतः ओढून काढला. आई म्हणते, "गार लागतंय." लागू दे. खिडकी उघडीच राहणार.