ताण टिकत नव्हता: एका ४२०ची तपासणी

तक्रार साधी होती. होडी वाऱ्यावर चढत नाही, म्हणजे वारा येतो त्या दिशेला हवी तितकी जवळून जात नाही. फेब्रुवारीतली दुपार, कुलाब्याच्या बाजूचं पाणी, वायव्येचा वारा १० ते १२ नॉट. बाकीच्या होड्या जिथे टॅक करून (नोक वाऱ्यातून वळवत, नागमोडी) वरच्या खुणेकडे नीट जात होत्या, तिथे ही ४२० (दोघांनी चालवायची शर्यतीची छोटी शिडाची होडी) पाच-सहा अंश खाली घसरत होती. हेल्म्सच्या (सुकाणू धरणाऱ्याच्या) हातात सुकाणू जड, जिबचा (पुढच्या लहान शिडाचा) लफ, म्हणजे पुढची कड, मधोमध खाली लोंबलेला, आणि वाऱ्याआडचा श्राउड (मास्टला, म्हणजे डोलकाठीला, बाजूने धरणारी तार) वीतभर हेलकावे खातोय. या वाऱ्यात तो नुकता सैल पडायला लागावा, एवढंच अपेक्षित असतं.

पोरं किनाऱ्यावर आली तेव्हा पहिलंच वाक्य होतं, "सर, ताण तर परवा ३२ लावला होता." श्राउडवर गेज (तारेचा ताण मोजायचं साधन) लावून पाहिलं. २५.

मला शिडं जुनी असल्याचा संशय होता, पण गेजवरचे सात आकडे शिडं खात नाहीत. होडी ट्रॉलीवरून उतरवून दोन टायरांवर, बुडाला सगळीकडे सारखा आधार मिळेल अशी ठेवली. ट्रॉलीचा पट्टा एकाच जागी टेकला असेल तर ताण दिल्यावर हल (होडीचं अंग) किंचित वाकतो आणि मोजमाप खोटं येतं. मग मास्ट डेकपाशी बसतो त्या गेटमधले चॉक (मास्टला पुढे-मागे अडवणारे ठोकळे) काढले, बूम (मोठ्या शिडाखालची आडवी काठी) उतरवली, जिब चढवली. रेक, म्हणजे मास्टचा मागे झुकाव, मोजताना मेनशीट आणि किकर या बूम ओढणाऱ्या दोऱ्यांचा कसलाही ताण नको.

रेकसाठी स्टीलची टेप मेन हॅलियार्डला (मेन, म्हणजे मोठं शीड, वर चढवायच्या दोरीला) बांधून शीड लागतं तिथपर्यंत वर नेऊन लॉक केली. लॉक केल्यावर टेप आधी गूजनेकच्या (बूम मास्टला जोडते त्या सांध्याच्या) पट्ट्यापर्यंत ओढून आकडा बघावा. तो दर वेळी सारखा आला तरच टेपचा शून्य बिंदू जागेवर आहे. त्यानंतर ट्रान्समच्या (होडीच्या मागच्या भिंतीच्या) वरच्या कडेला, मध्यरेषेवर मोजायचं. जिब हॅलियार्ड गेजवर ३२ येईपर्यंत ओढून मोजलं तर आलं ६.०४ मीटर. शीड बनवणाऱ्याने या होडीसाठी दिलेल्या कागदावर मध्यम वाऱ्याचा आकडा होता ६.११.

टेपवरचं अंतर जितकं कमी तितका मास्ट मागे झुकलेला, आणि सात सेंटीमीटर म्हणजे फार. रेक इतका मागे गेला की बूम खाली येते, मेनची मागची कड वरच्या बाजूला उघडते, जोराचा केंद्रबिंदू मागे सरकतो. अठरा-वीस नॉटमध्ये हलक्या क्रूला हेच सेटिंग वरदान ठरलं असतं. दहा नॉटमध्ये मात्र होडी वर चढायचं नाव घेत नाही आणि सुकाणू सतत ओढून धरावं लागतं.

आता श्राउडच्या प्लेटकडे (श्राउडची पिन बसते त्या भोकांच्या पट्टीकडे) पाहिलं. दोन्ही पिना कागदावरच्या जागेपेक्षा दोन भोकं खाली. विचारल्यावर उलगडलं. ताण कमी दिसला की हॅलियार्डचा रॅक (ती ताणून अडकवायची दात्यांची पट्टी) शेवटच्या दाताला टेकायचा, म्हणून श्राउड एक भोक आखूड करायचे. पुन्हा ताण कमी दिसला, पुन्हा एक भोक. इथेच गफलत होते, आणि ती कुठल्याही क्लबात होताना दिसते. श्राउड मास्टच्या मागे उतरतात. ते आखूड करून तितकाच ताण दिला की मास्ट मागे जातो. या होडीत एका भोकाचा फरक ५ मिलिमीटर आहे, पण चेनप्लेट (श्राउडचं खालचं टोक होडीला धरणारा पत्रा) मास्टच्या जेमतेम ४० सेंटीमीटर मागे असल्यामुळे तो फरक मास्टच्या टोकाला कितीतरी वाढतो आणि ट्रान्समपर्यंतच्या टेपवर सुमारे ३० मिलिमीटरचा होतो. दोन भोकं, सहा सेंटीमीटर. ताण सुधारायच्या नावाखाली रेक बिघडत गेला होता.

उरला मूळ प्रश्न, ताण जातो कुठे?

पिना मूळ भोकात आणल्या, ताण ३२ केला आणि पेनाने खुणा केल्या. हॅलियार्डची वायर मास्टमधून बाहेर पडते तिथे एक, श्राउडच्या वरच्या टी-टर्मिनलपाशी (तारेच्या मास्टमध्ये अडकणाऱ्या टोकापाशी) एकेक, चेनप्लेट आणि डेकच्या सांध्यावर एकेक. श्राउडवर गेज नेहमी एकाच उंचीला लावायचं, म्हणून चेनप्लेटपासून एक मीटरवर टेप गुंडाळली. तारेवरचं मीठही पुसलं. मीठ असलं की गेजचं खोबण नीट बसत नाही. आणि लूस (Loos) कंपनीच्या गेजवरचा ३२ हा आकडा २.५ मिलिमीटरच्या तारेवर जितका ताण दाखवतो, तितकाच ३ मिलिमीटरच्या तारेवर दाखवत नाही. दुसऱ्या होडीचा आकडा उसना घेऊ नये तो यासाठी.

वीस मिनिटांनी गेजवर २७. हॅलियार्डची खूण जागच्या जागी, टर्मिनल ठीक, चेनप्लेटच्या रेषेत केसाइतकीही फट नाही. वरचं सगळं शाबूत असेल तर खालून काहीतरी दबतंय. मास्ट स्टेपच्या (मास्टचं बूड बसतं त्या बैठकीच्या) आडवी एक सरळ पट्टी फ्लोअरवर टेकवली आणि तिच्यापासून स्टेपच्या कडेपर्यंत स्टीलच्या पट्टीने मोजलं. ताण नसताना १२ मिलिमीटर. पुन्हा ३२ वर नेलं, कान खाली नेला तर बारीक करकर ऐकू आली. थोड्या वेळाने ९.

तीन मिलिमीटर ऐकायला क्षुल्लक वाटतात. पण श्राउड साडेचार मीटर लांब असतो. २.५ मिलिमीटरच्या वायरला तेवढ्या लांबीवर ३ मिलिमीटर ढिलाई दिली की हिशेबाने पंचवीस ते तीस किलोचा ताण जातो. मास्टच्या बुडाखाली किती भार येतो तेही पाहायला हवं. दोन श्राउडवर प्रत्येकी १३० किलो धरले, त्यात जिबच्या लफचा ताण आणि मास्टच्या आतून खाली येणाऱ्या हॅलियार्डचा तेवढाच ताण मिळवला, तर चारशे किलोच्या वर जातो. किकर आणि मेनशीट वेगळे. हे सगळं पेलायला स्टेपखाली एक तळहाताएवढा ठोकळा.

मास्ट उतरवून स्टेप उघडली. सहापैकी दोन स्क्रू ड्रायव्हरशिवाय, बोटांनीच निघाले, आणि त्यांच्या आट्यांना काळी ओली भुशी चिकटलेली. खालचा प्लायचा ठोकळा पाणी पिऊन कुजला होता. स्क्रूच्या भोकांना सीलंट नव्हतं, त्यातून थेंब थेंब पाणी गेलेलं. अशी होडी पंधरा नॉटमध्ये आखूड लाटांवर आपटली तर मास्टचं बूड तळ फोडून खाली जाऊ शकतं. प्रशिक्षकाचं म्हणणं होतं की ताण २२ ठेवून शर्यत उरकता येईल. मला ते पटलं नाही. स्थिर ताण कमी ठेवला तरी लाटेचा आणि ट्रपीझवरच्या (तारेला लटकून होडीबाहेर झुकणाऱ्या) क्रूचा झटका कमी होत नाही. होडी शर्यतीतून काढली.

दुरुस्तीआधी स्टेपची जागा ट्रान्समपासून मोजून लिहून ठेवली, कारण ती हलली तर रेकचे सगळे जुने आकडे निकामी. मग फ्लोअरला तपासणीचं गोल झाकण कापून कुजका प्लाय चिमट्याने आणि छिन्नीने काढला, आत पिवळा बल्ब दोन दिवस पेटता ठेवून पोकळी वाळवली. दमट हवेत हे घाईने केलं तर इपॉक्सी धरत नाही. नवा ठोकळा ग्लास-इपॉक्सीच्या जाड पत्र्याचा, सिलिका घालून दाट केलेल्या इपॉक्सीत बसवला, वर ग्लासकापडाचे थर. स्क्रूची भोकं आधी मोठी पाडून इपॉक्सीने भरली आणि त्यातच पुन्हा बारीक पाडली, म्हणजे भोकातून पाणी आत जायला वाट उरत नाही. पूर्ण ताण द्यायच्या आधी तीन दिवस थांबलो.

मास्ट परत उभारताना आणखी एक गोष्ट सापडली. पिना दोन्हीकडे एकाच भोकात, तरी मास्टच्या टोकापासून डाव्या आणि उजव्या चेनप्लेटपर्यंत टेपवर ५ मिलिमीटरचा फरक. श्राउड काढून एकाच पिनेला लटकावले. उजवा ४ मिलिमीटर लांब. तो मधे कधीतरी बदलला होता आणि बदलणाऱ्याने भोक मोजलं, लांबी मोजली नाही. प्लेटच्या दोन ओळींतल्या मधल्या भोकाचा वापर करून फरक एक मिलिमीटरवर आणला. स्प्रेडर (मास्टवरून श्राउड बाहेर ढकलणारे दोन आडवे दांडे) दोन्ही बाजूंना सारखे मागे आहेत ना तेही तपासलं, कारण ताण वाढला की मागे झुकलेले स्प्रेडर मास्टचा मध्य पुढे ढकलतात. हॅलियार्ड गूजनेकला ओढून मास्ट आणि दोरी यांच्यातली फट, म्हणजे मास्टचा बाक, स्प्रेडरपाशी मोजली. ३० मिलिमीटर, मेनच्या लफला शोभेल इतकी.

मग ३२, ६.११. वीस मिनिटांनी ३२. एका तासाने ३१, तेवढं हॅलियार्डच्या दोरीच्या शेपटीचं ताणणं.

त्याच खेपेच्या आणखी दोन ४२० शेडमध्ये होत्या. त्यांच्या स्टेपला पट्टी लावली. एकीचं बूड एक मिलिमीटर दबलं. तिचे स्क्रू काढून कोरडे असल्याची खात्री केली, सीलंटमध्ये पुन्हा बसवले आणि थ्वार्टवर (होडीतल्या आडव्या फळीवर) मास्किंग टेप चिकटवून १२ हा आकडा आणि तारीख लिहिली, म्हणजे पुढच्या महिन्यात कोणीही मोजून बघू शकेल.