उत्तर आमच्या प्रश्नातच होतं

सोलापूरच्या पूर्व भागात आमचा महिला बचत गट आहे. निम्म्याहून जास्त जणी विड्या वळतात, काहींच्या घरी यंत्रमाग आहे आणि बहुतेकींच्या घरात तेलुगू बोलतात. नळाला आमच्याकडे रोज पाणी येत नाही, मध्ये काही दिवस कोरडे जातातच. गेल्या उन्हाळ्यात ठरवलं, घरोघर विचारून आकडे काढायचे आणि पाण्याच्या तक्रार-अर्जासोबत कार्यालयात द्यायचे. गटाची चिटणीस मी, म्हणून प्रश्नही मीच लिहिले.

पहिला प्रश्न असा होता: 'वेळी-अवेळी येणाऱ्या अपुऱ्या पाण्यामुळे तुमच्या कुटुंबाला किती त्रास होतो? खूप, बराच की थोडा?' 64 घरं झाली. 61 घरांनी 'खूप' सांगितलं. दहावीतल्या मुलीनं स्तंभालेख काढून दिला. एक खांब आभाळाला टेकलेला, बाकीचे दोन जमिनीलगत. मला वाटलं, आता कोण नाही म्हणेल?

कार्यालयातल्या साहेबांनी आलेख बाजूला ठेवला आणि आधी प्रश्न वाचला. म्हणाले, "ताई, ज्याला त्रास होत नाही त्यानं खूण कुठं करायची?" मग विचारलं, "पाणी किती वाजता येतं, किती वेळ असतं, हे यात कुठंय?" मी गप्प बसले. घरी येईपर्यंत डोळे भरून आले होते, कारण त्रास खरा होता आणि तो मला नीट मांडता आला नव्हता.

आमच्या गल्लीच्या टोकाला कॉलेजात संख्याशास्त्र शिकवणाऱ्या मॅडम राहतात. त्यांनी मला माझाच प्रश्न मोठ्यानं वाचायला लावला. 'अपुऱ्या', 'वेळी-अवेळी' हे निकाल मी समोरच्या बाईनं तोंड उघडायच्या आधीच देऊन टाकले होते. शिवाय पाणी कमी येणं आणि वेळ नक्की नसणं या दोन वेगळ्या गोष्टी एकाच वाक्यात कोंबल्या होत्या. मॅडमनी 1941 सालचा डोनाल्ड रग या जनमताच्या अभ्यासकाचा प्रयोग सांगितला. अमेरिकेत लोकशाहीविरोधी भाषणांबद्दल काहींना विचारलं, 'परवानगी द्यावी का?' आणि काहींना विचारलं, 'मनाई करावी का?' अर्थ एकच. तरी 'परवानगी नको' म्हणणारे 'मनाई करा' म्हणणाऱ्यांपेक्षा बरेच जास्त निघाले. एका शब्दानं एवढा फरक पडतो हे ऐकून मी माझा कागद तिथंच फाडला.

मग त्यांनी विचारलं, "घरं कधी केलीत?" सकाळी अकरा ते एक. त्याच वेळी विडी कामगार बाया विड्या द्यायला आणि पान-तंबाखू आणायला कारखान्यात गेलेल्या असतात. कुलूप दिसलं की आम्ही पुढच्या दारी जायचो. म्हणजे जिच्यासाठी ही खटपट, तिलाच विचारलं नव्हतं. 1936 साली अमेरिकेतल्या 'लिटररी डायजेस्ट' साप्ताहिकानं सुमारे 1 कोटी लोकांना 'राष्ट्राध्यक्षपदासाठी मत कुणाला?' असं विचारणारी पत्रं पाठवली होती. 20 लाखांहून जास्त परत आली आणि त्यावरून त्यांनी लँडन हे उमेदवार जिंकणार असं छापलं. जिंकले रूझवेल्ट, 48 पैकी 46 राज्यांत. नावं मुख्यतः टेलिफोन आणि मोटारगाड्यांच्या याद्यांतून घेतली होती, आणि गरिबाघरी तेव्हा हे दोन्ही कुठून असणार? शिवाय पत्रं परत पाठवणारेही ठरावीकच लोक होते. लाखांत विचारूनही चूक होते, मग आमची 64 घरं ती काय!

भाषेचा घोळ मात्र मॅडमनाही सुचला नव्हता, तो आमचा आम्हाला सापडला. प्रश्न मराठीत लिहिलेला, विचारताना प्रत्येक जण आपल्या तेलुगूत सांगायची. एक जण 'कष्टं' म्हणायची, दुसरी नुसतंच 'नीळ्ळु रावट्लेदु कदा?', म्हणजे पाणी येत नाही ना? त्या 'ना'मध्ये उत्तर आलंच की! मग एक अख्खी दुपार बसून तेलुगू वाक्यंसुद्धा ठरवली आणि कागदावर देवनागरीत लिहिली: 'नीळ्ळु एप्पुडु वस्तायि?' पाणी कधी येतं? एवढंच विचारायचं, पुढं-मागं काही जोडायचं नाही.

दुसरी फेरी संध्याकाळी सातनंतर केली. तीन गल्ल्यांत पाणी सरासरी 50, 55 आणि 60 मिनिटं राहतं असं निघालं. मोबाईलवर आलेख काढला तर तिसऱ्या गल्लीचा खांब आमच्या तिप्पट! मी अन्याय झाला म्हणून लिहायलाच बसले होते. मुलगी म्हणाली, "आई, खालचा आकडा बघ." आलेख शून्यापासून नाही, 45 पासून सुरू झाला होता. शून्यापासून काढल्यावर फरक दिसला दहा मिनिटांचा, जेवढा होता तेवढाच.

खरी गोष्ट शेवटच्या मोकळ्या प्रश्नात निघाली: 'पाण्याच्या दिवशी तुम्ही काय करता?' एक अक्का म्हणाल्या, "त्या दिवशी पान आणायला जातच नाही. कवा सुटतंय तेच कळंना, घर कसं सोडायचं?" म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली. मग आणखी बायांनी हेच सांगितलं, कुणी न सुचवता. पाणी कमी येतं याची तक्रार होतीच, पण त्याहून जास्त जणींना वेळ आधी कळायला हवी होती.

अर्ज नव्यानं लिहिला. मागणी एकच, पाणी सोडायची वेळ आदल्या दिवशी कळवावी. प्रत्येक तक्त्याच्या वर आम्ही विचारलेला प्रश्न जसाच्या तसा छापला, मराठीत आणि त्याखाली तेलुगूत.